भांगेच्या शेतीचा परवाना कोणाच्या नांवें?

गेल्या मृगाच्या आधीं पंधरा दिवस असतील. धर्माबादेच्या मोंढ्यांत एका आडत दुकानाच्या ओट्यावर आम्ही चौघे बसलों होतों. मिरचीची आवक संपत आली होती आणि बोलणें बियाण्यांच्या भावाकडे वळलें होतें. इतक्यांत गोदाकांठच्या एका गांवचे ओळखीचे शेतकरी तेथें आले व खिशांतून एक छापील पत्रक काढून त्यांनीं तें माझ्या हातीं दिलें. म्हणाले, "भाऊसाहेब, तुम्ही जन्मभर सरकारी कागद वाचले, एवढा वाचून सांगा." पत्रकांतला मजकूर असा कीं, 'हेंप' नांवाच्या पिकास सरकारनें मोकळीक दिली आहे, कंपनी बियाणें पुरवील, माल बांधावरून उचलील, औषधाचे कारखाने तो विकत घेण्यास टपलेले आहेत, शेतकऱ्यानें फक्त जमिनीचा भाडेपट्टा लिहून द्यावा व नोंदणीची रक्कम भरावी. उत्पन्नाचा आंकडा मोठ्या अक्षरांत होता. परवान्याचा क्रमांक, अधिकाऱ्याचें नांव, कायद्याचें कलम यांपैकीं मात्र कांहींच त्यांत नव्हतें. मीं विचारिलें, "पैसे भरले काय?" ते म्हणाले, "मीं नाहीं. पण भावकींतल्या दोघांनीं भरले."

हें ऐकल्यावर या विषयावर चार शब्द लिहिणें मला भाग वाटलें. हा लेख भांगेच्या शेतीविरुद्ध नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवतों. या पिकांत आपल्या जिरायत मुलखाला कांहीं मिळण्यासारखें असेल तर तें मिळावें, अशीच माझी इच्छा आहे. परंतु परवाना कोणाच्या नांवें निघावयाचा व तुरुंगाची वाट कोणाच्या दारावरून जावयाची, या दोन गोष्टी ठरल्याशिवाय कोणीही एक दाणा जमिनींत टाकूं नये.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. हेंप हा इंग्रजी शब्द आपल्याकडच्या तीन निरनिराळ्या झाडांना लावला गेला आहे. हिरवळीच्या खतासाठीं आपण पेरतों तो ताग. त्यास इंग्रज 'सन हेंप' म्हणत. ज्वारीच्या किंवा तुरीच्या कडेनें दोन ओळी टाकतों ती अंबाडी, जिची भाजी भाकरीबरोबर खाल्ली जात नाहीं असें घर मराठवाड्यांत क्वचितच सांपडेल. तिला जुन्या शेतकी पुस्तकांत 'डेक्कन हेंप' म्हटलें आहे, आणि तिच्या पानाचा पंजा भांगेसारखा दिसतो म्हणून वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिच्या लॅटिन नांवांतही भांग घातली आहे: हिबिस्कस कॅनाबिनस. या दोन झाडांचा भांगेच्या कुळाशीं कांहीं संबंध नाहीं आणि तीं लावण्यास कोणाचा परवाना लागत नाहीं. तिसरें झाड तें खरें हेंप, म्हणजे कॅनाबिस. त्याचीं पानें ती भांग, मादी झाडाचे फुलोरे तो गांजा, त्यावरची राळ तो चरस. कारखानदार ज्यास औद्योगिक हेंप म्हणतात तें झाड निराळें नव्हे; याच झाडाच्या अशा जाती कीं ज्यांच्या फुलोऱ्यांत टीएचसी नांवाचें मादक द्रव्य अगदीं थोडें असतें. उत्तराखंडानें ही मर्यादा शेंकडा ०.३ ठरविली आहे. म्हणजे हजारांत तीन भाग. तिच्या खालीं असाल तर शेतकरी, वर गेलांत तर गांजावाले. आणि डोळ्यांनीं पाहून हा फरक कोणास सांगतां येत नाहीं. तो प्रयोगशाळेंतच कळतो.

कोणी म्हणेल, हें वाखाचें पीक आहे, त्याचें कापड होतें, कागद होतो. होतो खरा. पण वाखच पाहिजे असेल तर अंबाडी आपल्या शेतांत आजोबांच्या काळापासून आहे. ती कुजत घालावी, सोलावी, वाख वाळवावा, दोर वळावे, हें काम आमच्या लहानपणीं घरोघर होत असे. प्लास्टिकचे दोर आले आणि तो धंदा बसला. जो गृहस्थ भांगेच्या वाखावर श्रीमंत होण्याची गोष्ट सांगतो त्यानें अंबाडीचा वाख आज कोण घेतो हें आधीं सांगावें. सारांश, या पिकांत पैसा असलाच तर तो वाखांत नसून बियांत व औषधांत आहे. बियांचा बाजार कायदेशीर झालेला आहे: २०२१ च्या नोव्हेंबरांत अन्नसुरक्षा प्राधिकरणानें हेंपचें बीं, तेल व पीठ हीं खाद्य म्हणून विकण्यास मोकळीक दिली; बियांत किलोमागें ५ मिलिग्रॅम व तेलांत १० मिलिग्रॅम एवढेंच टीएचसी चालेल, अशी अट घातली. औषधाचेंही तसेंच. २०१८ सालीं अमेरिकेच्या औषध नियामकानें याच झाडांतील सीबीडी नांवाच्या, नशा न आणणाऱ्या द्रव्याचें औषध लहान मुलांच्या दोन दुर्धर फेफऱ्यांवर मान्य केलें. आपल्याकडे आयुर्वेदांत याच झाडास विजया म्हणतात, आणि औषधविषयक नियमांच्या ज्या अनुसूचींत अफू व धोतरा आहेत त्याच अनुसूचींत, वैद्याच्या देखरेखीखालींच घ्यावयाचें विषारी द्रव्य म्हणून, भांगेची नोंद आहे. गळ्यांत माळ घालणाऱ्या ज्या वाचकांस या नांवाचाच विटाळ वाटतो त्यांस मी एवढेंच विनवितों कीं, कर्करोगाच्या रोग्याच्या वेदना ज्या मॉर्फिननें शमतात तें अफूंतूनच निघतें आणि ती अफू आपल्याच देशांतले शेतकरी पिकवितात.

आतां कायदा. १९८५ सालचा गुंगीकारक औषधिद्रव्यांचा अधिनियम, ज्यास सारे एनडीपीएस म्हणतात, तो त्या वर्षीं १४ नोव्हेंबरला अंमलांत आला. त्याच्या ८ व्या कलमानें भांगेच्या झाडाची लागवड मना आहे. मात्र वैद्यकीय किंवा शास्त्रीय कारणासाठीं, नियमांप्रमाणें व परवान्यानें, ती करतां येते. ते नियम करण्याचा अधिकार १० व्या कलमानें राज्य सरकारास दिला आहे. १४ वें कलम निराळें: केवळ वाख किंवा बीं मिळविण्यासाठीं, म्हणजे औद्योगिक कामासाठीं, लागवडीची मोकळीक सरकार हुकूम काढून देऊं शकतें. तेव्हां किल्ली राज्याच्या हातीं आहे, दिल्लीस जाण्याची गरज नाहीं. उत्तराखंडानें २०१८ सालीं ती फिरविली. हिमाचलानें अधिक सावधपणें पाऊल टाकलें: महसूलमंत्री जगतसिंह नेगी यांच्या अध्यक्षतेखालीं २०२३ सालीं समिती नेमली, २०२४ च्या सप्टेंबरांत विधानसभेनें तिचा अहवाल स्वीकारला, आणि २०२५ च्या जानेवारींत मंत्रिमंडळानें पालमपूर व नौणी येथील दोन कृषि विद्यापीठांकडे प्रथम प्रयोग सोंपविला. गोव्यांत २०२० च्या डिसेंबरांत औषधी लागवडीच्या प्रस्तावास कायदा खात्यानें अनुकूलता दाखविली, गवगवा झाला, आणि मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनीं तो पुढें जाणार नाहीं असें सांगून टाकलें.

आपल्या राज्यांत काय झालें? २०२१ च्या ऑगस्टांत सोलापूर जिल्ह्यांतील मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्यानें जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला कीं, कोणत्याच पिकास भाव नाहीं, कारखाना उसाचे पैसे वेळेवर देत नाहीं, तरी मला दोन एकर गांजा लावण्याची परवानगी द्यावी. उत्तर न आल्यास परवानगी मिळाली असें समजून लागवड सुरू करीन. जिल्हाधिकाऱ्यांनीं तो अर्ज पोलिसांकडे पाठविला; पोलिसांनीं प्रसिद्धीचा खेळ म्हणून तो बाजूस सारला. वर्तमानपत्रांनीं दोन दिवस हंसून घेतलें. मला मात्र तो अर्ज हंसण्यासारखा वाटला नाहीं. कायद्यांत वाट आहे आणि त्या वाटेवर खिडकीच नाहीं, हें त्या एका अर्जानें उघड केलें. कचेरींत आयुष्य काढलेल्या माणसास ठाऊक असतें कीं, ज्या कामास नमुना नाहीं, नोंदवही नाहीं आणि ठरलेली मुदत नाहीं, त्या कामाचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर जातो व शेवटीं पोलीस ठाण्यांत जाऊन थांबतो. शेतकऱ्यानें तहसिलींत अर्ज द्यावा, चौकशी व्हावी आणि परवाना मिळावा किंवा नाकारला जावा, अशी व्यवस्था आपल्याकडे आजही नाहीं. म्हणून जो कोणी 'महाराष्ट्रांत मोकळीक मिळाली' असें सांगत येईल, त्यास हुकुमाची प्रत मागावी. दुसऱ्या राज्याचा परवाना त्या राज्याच्या शिवेवर संपतो. भांगेचीं नुसतीं पानें एनडीपीएसच्या व्याख्येंत येत नाहींत, हें खरें. परंतु आपल्याकडे त्यांवर १९४९ चा दारूबंदीचा कायदा आहे, हेंही तो गृहस्थ सांगणार नाहीं.

याच अधिनियमांत तीन कलमें अशीं आहेत कीं तीं प्रत्येक जमीनधारकानें वाचून ठेवावीं. २० व्या कलमाप्रमाणें विनापरवाना लागवडीस दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी व एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. झाडें दहा होतीं कीं दहा हजार, हा भेद लागवडीच्या गुन्ह्याच्या व्याख्येंत नाहीं. ४६ वें कलम सांगतें कीं, आपल्या जमिनींत कोणी असें पीक लाविलें असेल तर जमीनधारकानें तत्काळ वर्दी दिली पाहिजे. जाणूनबुजून न दिल्यास तो शिक्षेस पात्र. ४७ वें कलम हीच जबाबदारी सरकारी अंमलदार, सरपंच, पंच व सर्व गांवकामगार यांजवर टाकतें. तलाठी, ज्यास आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, तो त्यांत आलाच. याशिवाय ३५ व्या कलमाप्रमाणें आरोपीस जाणीव होती असें न्यायालय गृहीत धरतें. नव्हती हें त्यानें सिद्ध करावयाचें. जमीन भाडेपट्ट्यानें कंपनीस दिली म्हणजे आपण सुटलों, असें ज्यांस वाटतें त्यांनीं हीं कलमें पुन्हां वाचावींत.

नोकरींत असतांना एका पंचनाम्यास मला जावें लागलें होतें. गांवाचें नांव सांगत नाहीं. तुरीच्या उभ्या पिकांत, मधल्या तासांत, भांगेचीं झाडें निघालीं. जमीन एका विधवा बाईची. ती मुलाकडे शहरांत राहत असे आणि शेत बटईनें दिलेलें होतें. बटईदार त्याच रात्रीं गांव सोडून गेला. बटईचा कागद केलेला नव्हता, आपल्याकडे करतो तरी कोण? सातबाऱ्यावर नांव बाईचें, पीकपेऱ्यांत तूर. पोलिसांनीं नांव वाचलें तें तिचें. पुढें ती निर्दोष ठरली, परंतु तोंपर्यंत जिल्ह्याच्या न्यायालयाच्या तारखा, वकिलाची फी आणि सोयऱ्याधायऱ्यांत झालेली नाचक्की हें सारें तिला सोसावें लागलें, आणि त्यांतच अर्धें शेत विकलें गेलें. ज्यानें त्या गटाची पीकपाहणी बांधावर न जातां चावडींत बसून लिहिली होती, त्याचें नांव त्या सगळ्या प्रकरणांत कोठेंही आलें नाहीं. आमच्या खात्याची ही जुनी खोड आहे. ती मीं आंतून पाहिली आहे, म्हणून लिहितों. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली, शेतकऱ्यानें स्वतः फोनवर पिकाचें छायाचित्र टाकावयाचें आहे. पण पुष्कळ ठिकाणीं शेजाऱ्याचा पोरगाच सगळ्या गांवाचीं पिकें टाकून मोकळा होतो. हातानें लिहिलेला सातबारा असो कीं फोनवरचा, आपल्या नांवापुढें काय लिहिलें जातें तें आपण पाहिलें पाहिजे.

परवान्यानें भांगेची शेती करणें ही कांहीं नवी कल्पना नव्हे. १८९३ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत प्रश्न निघाल्यावरून हिंदुस्थान सरकारनें या विषयावर एक आयोग नेमला. मॅकवर्थ यंग हे अध्यक्ष होते. आयोगानें एक हजार एकशें त्र्याण्णव साक्षीदार तपासले व १८९४ सालीं आपला अहवाल दिला. सरसकट बंदी करूं नये, लागवड परवान्यानें ठराविक क्षेत्रांत करावी व माल सरकारी देखरेखीखालीं राहावा, असा त्याचा आशय होता. मध्यप्रांतांत खांडव्याकडे व बंगाल्यांत नवगांव येथें अशी व्यवस्था चालूच होती: शेतकऱ्यानें परवाना काढावयाचा, पीक सरकारी गोदामांत घालावयाचें, आणि तेथून कर भरून परवानाधारक व्यापाऱ्यानें तें उचलावयाचें.

नवगांवची गोष्ट आपल्या संघाच्या सभासदांनीं विशेष लक्षांत घ्यावी. तेथें पुष्कळ वर्षें पीक शेतकऱ्याचें व फायदा मधल्या दलालांचा, असा प्रकार चालला होता. १९१७ सालीं तेथील शेतकऱ्यांनीं आपली सहकारी संस्था स्थापन केली. परवाना असलेल्या लागवडदारांचा माल संस्थेनें एकत्र करून विकावयाचा असें ठरलें, दलाल बाजूस पडले, आणि संस्थेच्या नफ्यांतून त्या भागांत शाळा व दवाखाने चालले. तो मुलूख आज बांगलादेशांत आहे व तेथील लागवड पुढें बंद झाली. तो भाग निराळा. परंतु आतांच्या चर्चेंत सगळीकडे कंपनीचेंच नांव ऐकूं येतें व सहकाराचें नांव कोणी काढीत नाहीं, तेव्हां शंभर वर्षांमागें याच पिकांत शेतकऱ्यांच्या संस्थेनें व्यवहार करून दाखविला होता, ही गोष्ट विसरतां कामा नये.

दुसरें उदाहरण आजचें आहे व आपल्यापासून फार दूरचें नाहीं. मध्यप्रदेशांतील मंदसोर-नीमच, राजस्थान व उत्तरप्रदेश येथें अफूची शेती पट्ट्यानें होते. पट्टा शेतकऱ्याच्या स्वतःच्या नांवें असतो. केंद्राचें नार्कोटिक्स खातें, ज्याचें मुख्य ठाणें ग्वाल्हेरीस आहे, दरवर्षीं हंगामाआधीं अटी जाहीर करतें, शेत मोजतें, आणि माल सरकारच ठरल्या भावानें घेतें. गाझीपूर व नीमच येथें सरकारचे कारखाने आहेत. एका पट्ट्यास क्षेत्र किती, तर दहा आर. हे कांहीं रामराज्य नव्हे. हेक्टरीं ठराविक किलो मॉर्फिन उतरलें नाहीं तर पुढच्या वर्षीं पट्टा कमी प्रतीचा होतो किंवा जातो. २०२३-२४ च्या हंगामांत डिंक काढण्याच्या पट्ट्यासाठीं हा आंकडा हेक्टरीं ४.२ किलो होता. पट्टा टिकविण्यासाठीं लोक रात्रंदिवस शेतांत राखण करतात. पण इतकें असूनही कागद शेतकऱ्याच्या हातांत असतो, भाव आधीं ठाऊक असतो व घेणारा पळून जात नाहीं. पत्रकवाल्या गृहस्थाच्या योजनेंत या तीन गोष्टींपैकीं एकही नव्हती.

आतां पिकाच्या स्वभावाकडे वळूं, कारण नियम चांगला कीं वाईट हें शेतांतच ठरतें. या झाडांत नर व मादी वेगळे असतात आणि पराग वाऱ्यावर मैलोगणती जातो. बियांसाठीं लावाल तर नर ठेवावेच लागतात. औषधी फुलोऱ्यासाठीं लावाल तर नर दिसतांच उपटावे लागतात. नवगांवास हें काम करणारे पारखी निराळे असत. म्हणजे एका परवान्याचें शेत दुसऱ्या परवान्याच्या शेताशेजारीं असेल तर पहिल्याचा वारा दुसऱ्याचें पीक नासवितो. आपल्याकडे एका गटाचे सहा सहा तुकडे पडलेले आहेत. दोन प्रकारांत अंतर किती ठेवावयाचें हें नियमांत लिहिलें नाहीं तर भांडणें चावडीवर येतील. दुसरें असें कीं, या झाडास दिवसाच्या लांबीची जाण असते. युरोपांत, जेथें उन्हाळ्याचा दिवस सोळा तासांचा, तेथें पोसलेल्या जाती आपल्या एकोणीस अंशांच्या मुलखांत गुडघाभर उंचीवरच फुलोऱ्यावर येण्याचा संभव असतो. तिसरें, पाणी साचलेलें याला सोसत नाहीं. आणि गोदेकांठची आपली काळी जमीन भाद्रपदांत कशी असते तें मी वाचकांस काय सांगावें!

सर्वांत मोठी गोम त्या ०.३ च्या आंकड्यांत आहे. पीक जसजसें पक्व होतें तसतसें टीएचसी वाढतें. पेरणीच्या वेळीं पिशवीवर काय छापलें होतें याचा मग उपयोग नाहीं. नमुना कोणत्या दिवशीं घेतला यावर सगळें अवलंबून. आज ०.२८ असलेलें शेत आठ दिवस प्रयोगशाळेचा माणूस उशिरां आला म्हणून ०.३४ होऊं शकतें, आणि मग तें पीक नष्ट करावें लागतें. बियाणें कंपनीचें, उशीर सरकारचा, नुकसान शेतकऱ्याचें! अमेरिकेंत हेंच झालें. २०१८ च्या डिसेंबरांत तेथील कायद्यानें हेंप मोकळें केलें. आधीं नियम असे होते कीं काढणीपूर्वीं पंधरा दिवसांत नमुना घेतला पाहिजे. शेतकऱ्यांनीं ओरड केल्यावर २०२१ च्या नियमांत ती मुदत तीस दिवस झाली, आणि शेंकडा १ पर्यंत आढळलें तरी तो निष्काळजीपणा समजूं नये असें ठरलें. पीक मात्र तरीही विकतां येत नाहीं. बाजाराची कथा तर आणखी वाईट. २०१९ सालीं तेथें परवान्याचें क्षेत्र पांच लाख एकरांच्या वर गेलें, सीबीडीच्या मालाचे भाव कोसळले, आणि अनेकांचा माल कोठारांत पडून राहिला. २०२५ च्या नोव्हेंबरांत तेथील सरकारनें हेंपची व्याख्याच पुन्हां आवळली. थायलंडांत २०२२ च्या जूनमध्यें भांग अंमली पदार्थांच्या यादींतून काढली आणि २०२५ च्या जूनमध्यें पुन्हां डॉक्टरच्या चिठ्ठीचें बंधन घातलें. मधल्या तीन वर्षांत ज्यांनीं कर्ज काढून लागवड केली त्यांची दशा काय झाली असेल, याचा विचार करावा.

दूर जाण्याचेंही कारण नाहीं. सफेद मुसळीची लाट आपल्याकडे आली होती तेव्हां एका कंपनीनें मुळ्या विकत दिल्या व माल परत घेण्याचा करार मुद्रांकावर लिहून दिला. आमच्या घरीं त्या मुळ्या लावल्या गेल्या. वडील नको म्हणत होते, आग्रह माझाच. माल निघाला तेव्हां कंपनीच्या कचेरीस कुलूप होतें. तो करार अजून माझ्या पेटींत आहे आणि कायद्यानें पाहतां तो अगदीं बिनचूक लिहिलेला आहे. मुसळीच्या व्यवहारांत पैसेच गेले. भांगेच्या व्यवहारांत कंपनी पळाली तर शेतांत उभें राहिलेलें पीक हाच गुन्ह्याचा पुरावा ठरतो, एवढा फरक आहे.

म्हणून माझें म्हणणें असें. आपल्या संघानें या प्रश्नांत गप्प न बसतां सरकारकडे रीतसर मागणी करावी. पहिली गोष्ट, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषि विद्यापीठाकडे काळ्या जमिनींतील प्रयोग सोंपवावा. हिमाचल जें विद्यापीठांकडून करून घेतें आहे तें आपणांस अशक्य नाहीं. दोन-तीन हंगामांचे आंकडे हातीं आल्याशिवाय एकही परवाना देऊं नये, शेतकऱ्यासही नाहीं व कंपनीसही नाहीं. त्यानंतर जो नियम होईल त्यांत लागवडीचा परवाना फक्त जमीन कसणाऱ्याच्या किंवा त्याच्या सहकारी संस्थेच्या नांवें निघावा; कंपनीस पाहिजे तर तेल काढण्याचा, औषध करण्याचा, वाहतुकीचा परवाना द्यावा, पण जमिनीचा नको. परवान्याचा क्रमांक गटवार सातबाऱ्यावर चढावा, म्हणजे पोलीस पाटील, ग्राम महसूल अधिकारी व ठाणेदार या तिघांसही बांधावर येण्याआधींच ठाऊक असेल. बियाणें सरकारनें प्रमाणित करावें आणि प्रमाणित बियाण्याचें पीक मर्यादेवर गेलें तर भरपाई बियाणें पुरविणाऱ्याकडून घ्यावी. नमुन्याची तारीख आधीं कळवावी, ती चुकली तर दोष शेतकऱ्यावर येऊं नये, आणि प्रयोगशाळा या विभागांतच असावी. मुंबईहून उत्तर येईपर्यंत पीक वाट पाहत नाहीं. भाव पेरणीपूर्वीं जाहीर व्हावा. बटईनें किंवा ठोक्यानें दिलेल्या जमिनींत हें पीक मुळींच नको, असेंही मी म्हणेन, जरी त्यामुळें कांहीं वाचक माझ्यावर रागावतील. ती विधवा बाई माझ्या डोळ्यांपुढून जात नाहीं.

इतक्या अटी घातल्या तर कोणी कंपनी येणारच नाहीं, असा आक्षेप एका मित्रांनीं घेतला. न येईना! ज्या धंद्यांत शेतकऱ्याचा तोटा हाच दुसऱ्याचा नफा असेल तो धंदा धर्माबादेस न आलेलाच बरा. मिरचीच्या बाजारांत आपण एवढें शिकलेलों आहोंत कीं, ज्यास माल खरोखर हवा असतो तो वजनकाट्यापाशीं उभा राहतो.

ज्या दोघांनीं नोंदणीची रक्कम भरली त्यांस मीं पावती घेऊन पोलीस ठाण्यांत तक्रार नोंदविण्यास सांगितलें आहे. पैकीं एकानें ती नोंदविली. दुसरा म्हणतो, लोक हंसतील.

वरील मागण्यांचा अर्ज मीं तयार केला असून तो महसूल, कृषि व राज्य उत्पादन शुल्क या तिन्ही खात्यांच्या नांवें आहे. (आमच्याकडे अजून त्यास आबकारीच म्हणतात.) अर्ज संघाच्या कचेरींत ठेविला आहे. ज्या सभासदांस तो पटेल त्यांनीं पुढील आठवडी बाजाराच्या दिवशीं येऊन सही करावी, व ज्यांस एखादी अट गैर वाटेल त्यांनीं समासांत तसें लिहावें. सातबारा जोडण्याची जरूर नाहीं. सहीखालीं गांव व गट क्रमांक लिहिला म्हणजे पुरे.